खिडकीजवळचे चाळीस खिळे

शुक्रवार, १ डिसेंबर १९८९

आज सबनीससाहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. ते फुकट चहा पाजतात तेव्हा काहीतरी वाईट सांगायचं असतं, हे यार्डातली मांजरंसुद्धा जाणतात.

"मिस कासारे, सोमवार, अठरा तारखेला हेड ऑफिसातून डायरेक्टर येणार आहेत. सकाळी आठ ते अकरा, गेटवर उभे राहून बघणार. ट्रकवाल्याने नंबर सांगितला की कंटेनर कुठल्या रांगेत आहे ते तुमच्या कॉम्प्युटरने दहा सेकंदांत सांगायचं. नाही जमलं, तर मशीन फोर्टच्या हेड ऑफिसला परत. आणि मशीनच नसेल तर ऑपरेटर कशाला, हे तुम्हाला समजतंच."

समजतं. माझे प्रोबेशनचे सहा महिने याच महिन्यात संपतात.

सध्या मशीन चाळीस सेकंद घेतं. सकाळच्या गर्दीत कधीकधी मिनिटभर. आणि तेवढ्यात आमच्या शेजारच्या खिडकीत बसलेले घरतकाका भिंतीवरच्या पाटीकडे हात करतात, खिळ्यावरची, नंबर आणि रांग लिहिलेली टिनाची चकती चिमटीत धरतात आणि सांगतात, "रांग चार, वरून दुसरा." बारा सेकंद. मी भिंतीवरच्या घड्याळात मोजलंय. काका यार्ड उघडल्यापासून त्या पाटीवर आहेत आणि माझ्या मशीनकडे, बिनआमंत्रणाचा पाहुणा जेवायला बसला की त्याच्याकडे बघावं तसं बघतात. रोज सकाळी विचारतात, "उठली का तुजी मशीन? का आजून आंगोल करते?" मी हसते. आतून पेटते.

अठराला मशीन हरलं, तर त्यांना काय वाटेल ते सांगायला ज्योतिषी नको.

शनिवार, २ डिसेंबर

आईने विचारलं, एवढं काय डोक्यात घेऊन बसलीस? तिला समजावलं. मशीनमध्ये एक कपाट असतं, त्याला डिस्क म्हणतात. हजारभर कंटेनरची माहिती त्या कपाटात. आणि एक टेबल असतं, म्हणजे मेमरी. टेबलावर असलेला कागद पटकन मिळतो, कपाटातला काढायला वेळ लागतो. डेटाबेसला टेबलाची किती जागा द्यायची, तो आकडा आपण ठरवायचा. त्याला बफर म्हणतात. आमच्याकडे कंपनीने साठ लावून दिलेत. दोन मेगाबाइट मेमरीचं मशीन, आणि बफर साठ! म्हणजे नेरूळला दोन खोल्यांचं घर मिळालं आणि आपण मोरीत झोपतोय.

"मग वाढव की," आई शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

मशीनच्या कंपनीतल्या इंजिनीअरला फोन लावला. तो म्हणाला, वाढवा, पण एका वेळी थोडंच, आणि आकडा बघायचा तो गर्दीच्या वेळी बघा. गर्दीच्या वेळी मला श्वास घ्यायला वेळ नसतो, आकडा कुठला बघू! शिवाय आकडा बदलला की सगळं बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, वीस मिनिटं. तेव्हा दुपारी एक ते दोन हीच वेळ. गेट बंद असतं, सगळे जेवायला गेलेले असतात. बदलायचं दुपारी आणि बघायचंही दुपारी.

सोमवार, ४ डिसेंबर

साठाचे तीनशे केले!

एक वाजता बदललं, मशीन चालू करून मशीनवरच्या बाकीच्या मुलींबरोबर डबा खायला गेले. दोनला येऊन हिशोब मागितला. मशीन स्वतःच सांगतं, शंभर वेळा विचारलं तर किती वेळा उत्तर टेबलावर सापडलं. सत्त्याण्णव! शंभरात सत्त्याण्णव! मला दहावीलासुद्धा एवढे पडले नव्हते.

फक्त एक कळलं नाही. दुपारी गेट बंद असताना विचारलं कोणी? असेल कोणीतरी. साहेब मधूनमधून येऊन खेळतात.

कीबोर्डच्या ४ वर पांढरा डाग होता. छपरात पाली फार झाल्यात. पुसून घेतला. कव्हर मात्र कोणीतरी छान चौपदरी घडी घालून ठेवलं होतं, आमच्या मुली कधी घालत नाहीत.

घरतकाका आजकाल दुपारी आमच्यात जेवायला येत नाहीत. मशीनचा राग जेवणावर काढतात, दुसरं काय.

मंगळवार, ५ डिसेंबर

सकाळी पंचवीस सेकंद. चाळीसचे पंचवीस झाले म्हणून मुलींनी टाळ्या वाजवल्या, पण पंचवीस म्हणजे दहा नव्हे. सत्त्याण्णव मार्क असताना पंचवीस सेकंद का, हे मला कळेना. म्हणजे अजून तीन मार्क बाकी आहेत ते मिळवायला हवेत. दुपारी सरळ नऊशे केले. होऊन जाऊ दे.

दोन वाजता बघितलं, नव्व्याण्णव. मी खुर्चीतच गिरकी घेतली. गेटवर गाड्यांचे नंबर लिहिणारा किसन दारातून बघत होता, म्हणाला, "अरुणाताई, लग्न ठरलं का काय?" किसन परभणीकडचा, त्याला कुठल्याही गोष्टीत लग्नच दिसतं.

४ वर पुन्हा डाग. या पालीला चारच आवडतो.

उद्या सहा डिसेंबर, माझी रजा. आईबरोबर दादरला चैत्यभूमीवर जायचं. निवांत मनाने जाईन.

गुरुवार, ७ डिसेंबर

दादरला चांगलं झालं. पहाटेपासून रांगेत उभं राहून दर्शन घेतलं. आईने बाबासाहेबांसमोर काय मागितलं ते सांगितलं नाही, पण येताना म्हणाली, "नोकरी पक्की झाली की तुला घड्याळ घेऊ." मी एक पुस्तक घेतलं. येताना बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तरी मी खुशीत.

इकडे काल प्रलय झाला होता. सकाळी मशीनला जोडलेली चारही टर्मिनल, म्हणजे पडदे आणि कीबोर्ड, सुरू झाली आणि मशीनने जीवच सोडला. एकेका उत्तराला तीन-तीन मिनिटं. डिस्कचा लाल दिवा विझेचना, आतून खरखर आवाज, बाहेर ट्रकांची रांग नाक्यापर्यंत. शेवटी साहेबांनी कॉम्प्युटरच्या खिडक्या बंद केल्या आणि सगळे ट्रक घरतकाकांच्या खिडकीला वळवले. त्यांनी एकट्याने दीडशे गाड्या काढल्या म्हणे. आज सकाळी मी डोळ्यांनी तेच बघितलं. नव्व्याण्णव मार्कांची पोरगी परीक्षेत बेशुद्ध पडावी तसं झालं.

साहेबांनी आज चहाही दिला नाही.

काकांनीही नेहमीचा आंघोळीचा प्रश्न विचारला नाही. नुसते म्हणाले, "पोरी, जेवलीस का?" त्याचा मला जास्त राग आला.

दुपारी गुपचूप तीनशेवर परत आणलं. मला यातलं काही कळत नाही, हे आज इथे लिहून ठेवते. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

शुक्रवार, ८ डिसेंबर

रडून झाल्यावर डोकं चालतं, असं माझं आहे. कोणकोणते नंबर विचारले गेले त्याची यादी मशीनमधून छापून काढली. सोमवार दुपार, मंगळवार दुपार, बुधवार दुपार, काल दुपार. कागद उलगडत गेले आणि हसावं की रडावं कळेना.

४४१७, ४४१७, ४४१७, ४४१७. मंगळवारी एका तासात एकशे त्रेचाळीस वेळा. मी रजेवर होते त्या दिवशीसुद्धा. मधेच ४४७१, ४४११ असे चुकलेले. बाकी एकही नंबर नाही!

म्हणजे माझे सत्त्याण्णव न् नव्व्याण्णव गेले पाण्यात. एकच कागद दीडशे वेळा मागितला तर तो टेबलावर सापडणारच. त्यासाठी टेबल साठाचं असो की सहाचं.

कोणीतरी मुद्दाम केलंय. मला किसनवर संशय आला, कारण त्याचंच दुपारचं जेवण पाच मिनिटांत उरकतं. जाऊन झापला. तो हसायला लागला. "ताई, आईशप्पत मी नाही. मला तुमचं ते बटण दाबायची भीती वाटते, करंट लागंल."

"मग कोण?"

"मी कशाला कुणाचं नाव घेऊ? पण वाईट मनानं कोणी करत नाही, एवढं सांगतो."

बघा. नाव माहीत आहे आणि सांगत नाही. गेटवाल्यांच्या पोटात सगळ्या यार्डाची गुपितं असतात.

शनिवार, ९ डिसेंबर

४४१७ कुठला कंटेनर, ते घरतकाकांना विचारलं. ते एकदम चकत्या पुसायला लागले. तळहातावर तंबाखू मळून ठेवली होती, तीही खाली सांडली.

"सात नंबरची रांग, तलाला. भोक पडलेला डबा हाय. पयल्या दिसापासून तितंच हाय, कुटं जात नाय येत नाय. तुला कनाला पायजे?"

"कोणीतरी सारखं तोच नंबर विचारतं मशीनला."

"आसंल कोनीतरी येडा," असं म्हणून त्यांनी मला पाठ केली. मशीनचं नाव काढलं की हे असंच.

पण मी तिथेच रेंगाळले, कारण त्यांची पाटी मी कधी नीट बघितली नव्हती. पाट्या दोन आहेत. मोठी मागच्या खोलीत, भिंतभर, हजार खिळ्यांची. आणि खिडकीजवळ छोटी, चाळीस खिळ्यांची. विचारलं, मोठी पाटीच खिडकीत का नाही लावत? उठबस वाचेल.

काका माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी विहिरीला चाकं लावून ती गावात फिरवायला सांगितलीय. "आगं, मोठा बोर्ड हितं लावला त मी बसू कुटं?"

अजब उत्तर. हसू आलं म्हणून लिहून ठेवतेय.

रविवार, १० डिसेंबर

घरी कोलीम, म्हणजे बारीक जवळा, भाजायला घेतला होता. मी म्हटलं मोठ्या कढईत एकदमच करून टाकू. आईने मोठी कढई ठेवली, तर दुसऱ्या चुलीवरचा भात खाली उतरवावा लागला. जागाच नाही. मी कढईकडे बघत बसले.

मी बसू कुठं!

नऊशे बफर म्हणजे काकांची मोठी पाटी खिडकीत. दुपारी, अगदी दोननंतरही, एकच टर्मिनल चालू असतं म्हणून जागा पुरली. सकाळी चार मुली आल्या, चौघींना बसायला मेमरीच उरली नाही, मग मशीन एकीला उठवून कपाटात कोंबतंय, दुसरीला बाहेर काढतंय, दिवसभर तेच. लाल दिवा विझणार कसा?

कोलीम करपला. आई बोलली ती बोलली. मी मात्र तिला मिठी मारली, त्यामुळे ती आणखी चिडली.

मंगळवार, १२ डिसेंबर

दोन दिवस शहाण्यासारखं वागले. बफर तीनशेलाच ठेवले, काही बदललं नाही. नुसतं मोजलं, आणि तेही भर गर्दीत. किसनच्या मनगटावरचं घड्याळ मागून आणलं, वहीत ओळी आखल्या, दर नंबराला सेकंद लिहिले. इंजिनीअरने पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं. तेव्हा तो मला कटकट्या वाटला होता.

खरे मार्क शंभरात चौसष्ट. नव्व्याण्णव तर सोडाच. पण वहीत एक गोष्ट दिसली. प्रत्येक कंटेनर तीनदा विचारला जातो, आधी गाडी आत घेताना, मग क्रेनवाल्याकडून, मग गाडी बाहेर सोडताना. पहिल्यांदा पंचवीस-तीस सेकंद लागतात आणि नंतर चार. म्हणजे तीनशे पुरतात! टेबल मोठं आहे, फक्त सकाळी ते रिकामं असतं, कारण रोज संध्याकाळी सहाला मशीन बंद करायचा ऑफिसचा नियम आहे.

रिकामं टेबल कोण भरणार?

गुरुवार, १४ डिसेंबर

आज लवकर, सातच्या आधीच यार्डात पोचले. गेट आठला उघडतं, पण ट्रक सहापासून उभे असतात. घरतकाका खांद्याला कापडी पिशवी लावून ट्रकांच्या रांगेतून चालले होते. प्रत्येक ड्रायव्हरकडून चिठ्ठी घ्यायची, दोन शब्द बोलायचे, चिठ्ठी पिशवीत. मग आत येऊन मोठ्या पाटीवरच्या तेवढ्याच चकत्या काढून छोट्या पाटीवर लावायच्या. गेट उघडायच्या आत, आज जे लागणार ते सगळं खिडकीजवळ. ज्याची गाडी गेली त्याचा खिळा दुसऱ्याला.

गेले सहा महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी मशीनची पुस्तकं वाचत होते.

"काका, तुमच्या चिठ्ठ्या मला मिळतील? तुमच्या लावून झाल्या की."

"कनाला?"

"तुमची नक्कल करणार आहे."

काकांनी पिशवीच पुढे केली. सगळे नंबर एकेकदा मशीनला विचारून घ्यायचे ठरवलं. आठपर्यंत तीसच झाले, कारण एकटीच होते आणि पहिल्यांदा विचारताना मशीन रखडतंच. पण त्या तीस गाड्यांना सकाळी किती लागले? पाच सेकंद. पाच!

शनिवार, १६ डिसेंबर

जमेल की नाही? बाकीच्या मुली कंपनीच्या बसने आठला येतात, त्याआधी कोणी नाही. सोमवारी शंभरावर गाड्या आहेत. एकटीने सगळे नंबर होत नाहीत, काल पन्नास झाले, आज पंचावन्न. अर्ध्या गाड्या पाच सेकंदांत आणि अर्ध्या तीसमध्ये, हे बघून डायरेक्टर म्हणतील, निम्मं मशीन ठेवा.

साहेबांना सांगितलं, मुलींना सोमवारी लवकर बोलवा. ते म्हणाले, बस साडेसातलाच निघणार, ठेकेदाराशी तसा करार आहे. भीती वाटते आहे. आईला सांगितलं नाही, तिने दुकानात घड्याळ बघून ठेवलंय.

सोमवार, १८ डिसेंबर

नीट पहिल्यापासून लिहिते.

पावणेसातला पोचले. काकांनी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. "येकशे बारा," म्हणाले. मी सुरू झाले. एक, दोन, तीन. घाई केली की चुकीचे नंबर पडत होते. सव्वासात वाजले तेव्हा अठ्ठावीस झाले होते.

काका दारात उभे होते. छोटी पाटी लावून झाली होती, आता त्यांना काम नव्हतं. मला वाटलं, माझी फजिती बघायला उभे आहेत, आणि अगदी तोंडावर आलं होतं की काका, तुम्ही जरा बाहेर बसा.

तेवढ्यात ते आत आले. शेजारच्या टर्मिनलवरचं कव्हर काढलं, चौपदरी घडी घातली, खुर्ची ओढून बसले. चष्मा लावला. माझ्या ढिगातल्या अर्ध्या चिठ्ठ्या उचलल्या. आणि दोन बोटांनी, टकाटक, टकाटक, एकही चूक न करता नंबर मारायला लागले.

मी बघतच राहिले.

"माज्या तोंडाकडं काय बगतेस? तुजे नंबर मार."

तंबाखूच्या चुन्याचं पांढरं बोट. चारावर डाग पडला. पाल कुठली नि काय कुठलं!

सात पंचावन्नला एकशे बारावा नंबर त्यांनी मारला. आठला डायरेक्टर आले, हातात स्टॉपवॉच. पहिल्या गाडीला सहा सेकंद. मग पाच. मग चार. साडेनऊला एक उशिरा आलेली गाडी, जिची चिठ्ठी आमच्याकडे नव्हती, तिला सत्तावीस लागले.  पण डायरेक्टरनी सरासरी काढली. साडेपाच सेकंद.

ते म्हणाले, "गुड." एवढंच. सबनीससाहेबांनी सगळ्या ऑफिसला चहा सांगितला, आणि या वेळी त्यात काही वाईट नव्हतं.

मंगळवार, १९ डिसेंबर

दुपारी काकांना गाठलंच. जेवायला आमच्यात बसवलं, त्यांची सुकटीची चटणी सगळ्या मुलींनी संपवली. विचारलं, शिकायचं होतं तर मला का नाही सांगितलं?

"या वयात तुज्यासारक्या पोरीसमोर चुकलो आसतो त?" मग म्हणाले, "मशीन आली तवाच समजलं, आज ना उद्या पाटी जानार. मग म्हनलं, पाटी गेली त गेली, मी कनाला जाऊ?"

"आणि ४४१७च का?"

"तो डबा हालत नाय ना! जवाब मला ठावं हाय, रांग सात, तलाला. मशीननं तोच दिला त समजायचं मी बराबर दाबलं."

मी त्यांना सांगितलं, तुमच्यामुळे माझे आकडे खोटे निघाले आणि सगळं यार्ड बंद पडलं. ते इतके हसले की ठसका लागला. आजपासून साहेबांनी त्यांना खिडकीवरच्या टर्मिनलवर बसवलंय. चिठ्ठ्यांची पिशवी त्यांच्याकडेच.

नंतर किसनने सांगितलं, सात नंबरची रांग आहे तिथे पूर्वी घरतांचं मिठागर होतं. काका स्वतः हे बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

शनिवार, २३ डिसेंबर

आज ४४१७ भंगारात गेला. सकाळी क्रेनने उचलला तेव्हा तळातून गंजाचा भुगा पडला.

दुपारी काका जेवायला आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. ते मशीनसमोर बसले होते. सावकाश, एकेक बटण, ४-४-१-७. मीच सकाळी नोंद बदलली होती, आणि उगीचच वाईट वाटलं होतं. पडद्यावर उत्तर आलं, यार्डात नाही.

काकांनी पडद्याकडे बघितलं. मग खिडकीतून सात नंबरच्या रांगेच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. तिथे जमिनीवर पांढरं मीठ फुटून आलं होतं.

"खरं बोलते तुजी मशीन," ते म्हणाले. "रोज तोच जवाब द्यायची, मला वाटलं पाठ केलंय. आज कलली ती."

मग उठून मागच्या खोलीत गेले. मोठ्या पाटीवरून एक चकती काढली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातात ठेवली. वर रंगाने ४४१७.

साहेबांनी कन्फर्मेशनचं पत्रही आजच दिलं. दोन्ही पर्समध्ये घालून घरी आले. आई दारातच उभी होती, घड्याळाची डबी पाठीमागे लपवून. मी तिला आधी चकती दाखवली.